वास्तूवरचा वाद आणि नटाचा कागद

लंडनमध्ये बसून गोव्याची वर्तमानपत्रे वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. पणजीतल्या कला अकादमीच्या वास्तूवरून आपण तावातावाने भांडतो. 2023 मध्ये खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले, नूतनीकरणानंतरच्या प्रकाश आणि ध्वनी यंत्रणेवर रंगकर्मींनी बोट ठेवले. भांडण रास्तच आहे. पण त्या रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या चरित्र अभिनेत्याच्या मिळकतीबद्दल क्वचितच कुणी बोलतो.

असा नट घडवण्यात गोवा कुणाला हार जाणार नाही. वळवईचे थोर नट मास्टर दत्ताराम याच मातीतले. जत्रेच्या नाटकात तिशीतला पोरगा आजोबा होतो, पुढच्या वर्षी खलपुरुष. इथे लंडनमध्ये बहुधा वयाला आणि चणीला साजेशीच भूमिका मिळते. मात्र आपली ही पुंजी कॅमेऱ्यापुढे जशीच्या तशी नेली की फसते. शेवटच्या रांगेला दिसावा म्हणून थरथरवलेला हात क्लोजअपमध्ये खोटा वाटतो. म्हातारपण खुर्चीतून उठण्यात दाखवावे: पाय मागे ओढायचे, तळवे गुडघ्यांवर, जरा थांबून मग वजन पुढे. आणि पहिल्या टेकला ज्या शब्दावर चष्मा काढला, त्याच शब्दावर दर वेळी काढायचा. नाहीतर संकलनात जुळत नाही आणि कात्री आपल्याच शॉटवर चालते.

पैशांचे गणित लंडनमध्ये वेगळे. इक्विटी या नटांच्या संघटनेच्या करारात तालमीच्या आठवड्यांचाही पगार असतो. वेस्ट एंड या इथल्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात आठवड्याला आठ प्रयोग करावे लागतात. काम सतत मिळते असे मुळीच नाही. दोन कामांच्या मधे कितीतरी नट दुसरी नोकरी धरतात. आपल्याकडे व्यावसायिक नाटकाला प्रयोगागणिक मानधन म्हणजे नाइट, तालमी बहुधा फुकट, आणि मालिकेचे पैसे साधारण 90 दिवसांनी. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने कलाकाराला स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क दिला खरा, पण करारात रक्कम आणि मुदतच नसेल तर तो वसूल कसा व्हायचा?

तिकीट लावून होणाऱ्या नाटकाला सभागृह देताना गोव्यातल्या रवींद्र भवनांनी, म्हणजे सरकारी नाट्यगृहांनी, नटांच्या कराराची प्रत मागावी. त्यात नाइट, तालमीचे मानधन, प्रवासखर्च आणि प्रयोग रद्द झाला तर काय, हे लिहिलेले असावे. मालिका स्वीकारणाऱ्याने महिन्यातले किमान दिवस आधी लिहून घ्यावेत. तसे नसेल तर चार दिवसांच्या कामासाठी महिनाभराच्या तारखा अडकतात आणि हातातले प्रयोग दुसऱ्याकडे जातात.