कॅमेरा कुठला?

गेल्या शनिवारी आमच्या सहा जणांच्या छायाचित्र प्रदर्शनात सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत उभा होतो. दादरमधलं छोटंसं दालन, भिंतीवर बत्तीस फोटो, एसी नेहमीप्रमाणे बंद. प्रदर्शन कसं पाहावं याचं जे शिक्षण मला त्या दिवशी मिळालं, ते तुमच्याही उपयोगी पडावं म्हणून हा खटाटोप.

ज्याने व्हॉट्सॅपवर आमंत्रण धाडलं त्याचेच फोटो बघा. उरलेले पाच जण तुमचे कोण लागतात?

फोटोसमोर थांबायचं तर त्याच्याकडे पाठ करून, सेल्फीपुरतं. काचेत भांगही नीट दिसतो.

16 बाय 24 इंचांचा प्रिंट चार-पाच फुटांवरून बघावा म्हणतात. म्हणू द्या. तुम्ही नाक टेकवा आणि "ग्रेन दिसतोय हो" म्हणा, म्हणजे फोटोतले बारीक दाणे.

कृष्णधवल असेल तर "रंगीत का नाही?" रंगीत असेल तर "फोटोशॉप ना?"

आणि फोटो कसलाही असो, पहिला प्रश्न एकच: "कॅमेरा कुठला?" हा चुकवू नका. परवा एक गृहस्थ आले, गळ्यात स्वतःचा कॅमेरा, लेन्स माझ्या मनगटाएवढी. माझा फोटो लोकलच्या मालडब्यातला. दुपारची परतीची धीमी गाडी, कोळीण मावशी पालथ्या पाटीवर बसून नोटा मोजतेय, हिरव्या बांगडीला माशाचा एक खवला चिकटलाय आणि दारातून येणाऱ्या उन्हात तेवढाच चमकतोय. मागे माटुंग्याचा फलाट नुसता ओघळलेला, कारण शटर एक पंधरांश सेकंद उघडं होतं. गाडीबरोबर मीही हलत होतो, मावशीही हलत होती, म्हणून ती स्थिर आली आणि फलाट पुसला गेला. हे साधायला नऊ दुपारी गेल्या. विक्रेत्यांच्या डब्यात चढलो म्हणून एकदा दंड भरला. मावशीची परवानगी मिळायलाच चार दिवस लागले. ("माझा काय फोटो काडतोस, पापलेटाचा काड.") गृहस्थांनी फोटोकडे तीन सेकंद पाहिलं आणि विचारलं, "फुल फ्रेम का?" (म्हणजे मोठ्या सेन्सरचा, महागातला कॅमेरा का.) मी म्हटलं, नाही. "मग बरोबर," म्हणाले आणि वड्यांच्या टेबलाकडे वळले. काय बरोबर? कशाशी बरोबर? जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, रोलिफ्लेक्स हा फिल्मचा कॅमेरा घेऊन फिरायच्या. त्याच्या एका रोलवर 12 फोटो. बारा खटके झाले की रोल बदला, तोवर समोरचा माणूस निघून गेलेला. तुमच्या कार्डावर हजारो मावतात, आणि त्यातला एक तरी तुम्ही स्वतः पुन्हा उघडून बघितलाय का?

असो. मार्गदर्शन चालू आहे.

अभिप्रायाच्या वहीत "अप्रतिम! पुढील वाटचालीस शुभेच्छा!" लिहा. आधीच्या एकोणीस जणांनी तेच लिहिलंय, एकी मोडू नका. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. फोटोंची यादी हातात असेलच, वड्याचं तेल टिपायला तो कागद उत्तम.

नाही, पुरे झालं. अहो, खवला दिसला का तुम्हाला? एकाला तरी? कौतुक नकोय मला. "चौदा नंबर आवडला नाही, अंधार फार आहे" असं लिहा, मी रात्रभर त्यावर विचार करीन. "ती बाई हसतेय की वैतागलीय कळत नाही" म्हणा, मलाही अजून कळलेलं नाही, बोलू त्यावर. पण त्यासाठी फोटोपुढे उभं राहावं लागतं, गप्प राहून, मोबाईल खिशात टाकून. तेवढं होत नसेल तर घरी बसा, वडे दादरमध्ये कुठेही मिळतात.

आणि अभिप्रायाच्या वहीजवळचं पेन ज्यांनी नेलंय त्यांनी आणून द्यावं. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे.