बाळ विषम साली, शक्यतो जानेवारीत

आपल्या मुलाने भारताच्या जर्सीत बास्केटबॉलचा वर्ल्ड कप खेळावा असं वाटत असेल, तर तयारी त्याच्या जन्माआधीच सुरू करायला हवी. ड्रिबलिंग वगैरे नंतर शिकवता येतं.

16 वर्षांखालील मुलांचा आशिया कप हल्ली विषम साली होतो. 2023 ला दोहात झाला, 2025 ला मंगोलियातल्या उलानबातरमध्ये. त्यातले पहिले चार संघ पुढच्या वर्षी 17 वर्षांखालील वर्ल्ड कपला जातात. वयाची रेघ असते 1 जानेवारीला. 2025 साठी जन्म 1 जानेवारी 2009 किंवा त्यानंतरचा हवा होता. म्हणजे 2009 चं पोर पुऱ्या वाढीनिशी मैदानात, आणि 2010 चं त्याच्यासमोर वर्षभराने कोवळं. पुढच्या खेपेला 2010 चं पोर वयात बसतच नाही. तेव्हा पंचांग, कुंडली बाजूला ठेवा आणि साल विषम आहे की नाही एवढं बघा. 31 डिसेंबरच्या रात्री कळा सुरू झाल्याच तर सूनबाईंना सांगा, बारा वाजेपर्यंत जरा तग धर. बाळ सम साली झालं तर बुद्धिबळाचा क्लास लावा.

आता पोर आधीच जन्माला आलं असेल तरी हातपाय गाळू नका. माणूस एकदाच जन्मतो, दाखल्याचं तसं नाही. आजोबांच्या पिढीत गुरुजी शाळेत नाव घालताना सर्रास 1 जून लिहून टाकायचे आणि अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. तीच परंपरा जरा अभ्यासपूर्वक पुढे न्यायची. कुणी विचारलंच, तर दाढी घराण्यातच लवकर येते म्हणायचं.

अडचण एकच, डावं मनगट. त्याचा एक्स-रे काढून हाडं किती वाढलीत ते बघतात आणि वय ठरवतात. मनगटाला ग्रामसेवकाची सही वाचता येत नाही. पण इथेही निराश होऊ नका, कारण सगळ्या मुलांची हाडं एकाच वेगाने वाढत नाहीत. खोट्या दाखल्याचं पण सावकाश वाढणारं पोर आरामात पास होऊ शकतं. खरोखर चौदाचं, पण लवकर वाढलेलं पोर मात्र आईच्या बाळंतपणाची फाइल छातीशी धरून बाहेर बाकावर बसतं. अशा पोराच्या आईबापांना माझा सल्ला नाही. त्यांनी प्रामाणिकपणाचं खूळ वेळीच सोडायला हवं होतं.

वय चोरून मिळतं काय, असं विचारू नका. जिल्ह्याचा चषक मिळतो. अठराचं दांडगं पोर चौदाच्या मुलांत घातलं की त्याला पास द्यायला शिकवावं लागत नाही, बास्केटखाली उभं केलं की झालं. कोचचा सत्कार, मुख्याध्यापकांचा फोटो, पोराला ग्रेस मार्क, पुढेमागे सरकारी नोकरीतला 5 टक्के खेळाडू कोटा. ज्याला खरंच खेळता येतं ते बुटकं, खऱ्या वयाचं पोर तोवर कंटाळून क्रिकेटला गेलेलं असतं. आशियात गेल्यावर समोरच्या पोरांची उंचीही असली आणि सहा-सात वर्षांचा सरावही असला, की आपण हवेला दोष द्यायचा. उलानबातरची हवा तशी थंडच.

दहावीचं काय, असा प्रश्न येईलच. तुमचं ते विषम सालचं, जानेवारीतलं, मुहूर्तावर जन्मलेलं पोर बहुधा ज्या वर्षी आशिया कप खेळणार, त्याच वर्षी दहावीला बसणार! क्लासची फी भरलेली असते. निर्णय तुम्ही घ्यायचा नाही, क्लासवाले सर घेतात.

निवड चाचणीला जाण्याआधी फेडरेशन कुठली तेही विचारून घ्या. 2015 मध्ये दोन होत्या. एका गटाची निवडणूक बंगळुरूला, दुसऱ्याची पुण्यात. आंतरराष्ट्रीय संघटनेने बंगळुरूच्या गटाला मान्यता दिली. जुनी गोष्ट आहे, पण दोन्हीकडे ओळख ठेवलेली बरी.

एवढं सगळं जमलं तरी भूगोल उरतो. शाळेच्या पुस्तकात ऑस्ट्रेलिया वेगळा खंड आहे. बास्केटबॉलमध्ये मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आशियात खेळतात. 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया 16 वर्षांखालील आशियाई स्पर्धेत आला आणि पहिल्याच खेपेला विजेतेपद घेऊन गेला. शिवाय चीन, जपान, फिलिपिन्स आहेतच. जागा चार, आणि 17 वर्षांखालील वर्ल्ड कप 2010 पासून सुरू असूनही त्यात आपला पाय अजून पडलेला नाही.

पण मार्ग आहे, आणि तो आपण एकदा वापरलेलाही आहे. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकवर बऱ्याच देशांनी बहिष्कार टाकला, जागा रिकाम्या झाल्या आणि आपला पुरुष संघ गेला. एकही सामना जिंकला नाही, पण गेला. तेव्हा पेपरातलं क्रीडा पान सोडा, परराष्ट्र घडामोडींचं वाचा. चार-पाच देश एकदम रुसले की आपला नंबर लागलाच. तोवर पासपोर्टची मुदत तेवढी संपू देऊ नका.