‘खरं आहे का?’ नाही, खोटं आहे

माझ्या ओळखीतला एक तरुण सैन्यात जायच्या तयारीला लागला आहे. तो गे आहे. त्याच्याबद्दल याहून जास्त काही सांगणार नाही. परवा रात्री त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. घरच्या ग्रुपवर तो त्याच्या वडिलांनीच टाकला होता. खाली त्याने एवढंच विचारलं होतं, ‘खरं आहे का?’

फॉरवर्डचा मथळा ‘सैन्य वाचवा’. मजकूर थोडक्यात असा: कुठलंही कणखर सैन्य समलिंगींना उघडपणे घेत नाही, ते आले की तुकडीतला विश्वास संपतो, बराकीत बाकीच्यांना अवघड होतं, शत्रू त्यांना ब्लॅकमेल करून गुपितं काढतो, आणि सैन्यात हक्काची भाषा चालत नाही.

पहिला मुद्दा दोन ओळींत संपतो. नेदरलँड्सने १९७४ साली बंदी उठवली, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने १९९२ साली, ब्रिटनने २००० साली, अमेरिकेने २०११ साली. इस्रायलमध्येही १९९३ पासून समलिंगी सैनिकांवर वेगळी बंधनं नाहीत. यातली कुठली सैन्यं लेचीपेची, ते लिहिणाऱ्याने सांगावं.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो ब्लॅकमेलच्या मुद्द्याचा. हा मुद्दा शहाणपणाचा वाटतो, म्हणून लोक मान डोलावतात. फॉरवर्डमध्ये ऑस्ट्रियाच्या कर्नल आल्फ्रेड रेडलचं नाव आहे. रेडल खरा होता. हेरगिरी रोखण्याचं काम ज्याच्याकडे, त्यानेच रशियाला गुपितं विकली आणि १९१३ साली उघडकीला आल्यावर स्वतःला गोळी घालून घेतली. त्याचे पुरुषांशी संबंध होते, हेही खरं. पण त्याला रशियाकडून भरपूर पैसा मिळत होता आणि तो पगाराच्या कितीतरी पलीकडे ऐषारामात राहत होता, हे फॉरवर्डने गाळलं आहे. १९५० साली अमेरिकेच्या सिनेट समितीसमोर समलिंगी लोक धोकादायक असतात हे पटवताना सीआयएच्या प्रमुखांनीही याच रेडलची गोष्ट सांगितली होती. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची, परक्या देशातली. १९५३ च्या आदेशाने अमेरिकेतल्या सरकारी नोकऱ्यांतून असे लोक शोधून काढायला सुरुवात झाली. १९९५ साली त्याच देशाच्या अध्यक्षांनी आदेश काढला की केवळ लैंगिक कलावरून कुणाच्या विश्वासार्हतेबद्दल निष्कर्ष काढायचा नाही.

आणि समजा, रेडलला खरंच धमकावलं गेलं होतं. कशाच्या जोरावर? कळलं तर नोकरी, हुद्दा, अब्रू सगळं जाईल, या भीतीच्या जोरावर. ही भीती शत्रूने निर्माण केलेली नाही, बंदीने केली आहे. ज्याच्या कमांडरला, सोबत्यांना आणि घरच्यांना सगळं ठाऊक आहे, त्याला शत्रू कसली धमकी देणार? ब्लॅकमेलची खरंच काळजी असेल, तर माणसाला उघडपणे राहू देणं हाच त्यावरचा इलाज आहे. फॉरवर्ड लिहिणारा नेमकं उलटं मागतो, आणि वर ती देशाची काळजी म्हणून आपल्या गळ्यात मारतो.

आता तुकडीतल्या विश्वासाबद्दल. इथे अंदाज बांधायची गरज नाही. बंदी उठवण्याआधी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्याच सैनिकांना विचारलं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या त्या अहवालासाठी १ लाख १५ हजारांहून अधिक सैनिकांनी उत्तरं दिली. सुमारे ७० टक्क्यांचं म्हणणं पडलं की बंदी उठल्याने परिणाम चांगला होईल, संमिश्र होईल किंवा काहीच होणार नाही. समलिंगी सहकाऱ्यासोबत प्रत्यक्ष काम केलेल्यांपैकी ९२ टक्क्यांनी तुकडीचं एकत्र काम चांगलं, खूप चांगलं किंवा निदान वाईट नव्हतं, असं सांगितलं.

एक गोष्ट मान्य करायला हवी, मनात नसलं तरी. प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्यांत, विशेषतः मरीन्स या अमेरिकेच्या सागरी लढाऊ दलात, विरोध बराच जास्त होता. मरीन्सचे प्रमुख जनरल जेम्स एमॉस यांनी तर यामुळे लक्ष विचलित होऊन जीव जाऊ शकतात असं जाहीरपणे म्हटलं होतं. सप्टेंबर २०११ मध्ये बंदी उठली आणि दोन-तीन महिन्यांतच याच एमॉस यांनी सगळं नीट पार पडल्याचं समाधान बोलून दाखवलं. भीती खरी होती, पण जे होईल म्हणून ती वाटत होती ते झालं नाही.

बराक आणि न्हाणीघराच्या मुद्द्यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. समलिंगी जवान त्या बराकींत आधीपासूनच राहत आले आहेत. कुणी कुणाला त्रास दिला तर शिक्षा त्या वागण्याला व्हावी, मग करणारा कुणीही असो.

‘सैन्यात हक्क चालत नाहीत’ हे मात्र अर्धं खरं आहे. भारतीय राज्यघटनेचं कलम ३३ संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालू देतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं, तरी जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी हे लष्करात चालणार नाही असं सांगितलं. १९५० च्या लष्कर कायद्यातलं ‘अनैसर्गिक’ वर्तनाचं कलम ४६ होतंच. पण कलम ३३ पुढे वाचा. मर्यादा कशासाठी? सैनिकांनी कर्तव्य नीट बजावावं आणि शिस्त टिकावी यासाठी. नुसतं समलिंगी असण्याने यातलं काय बिघडतं?

हाच प्रश्न ब्रिटनला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात विचारला गेला. नौदल आणि हवाई दलातून काढलेले चौघे तिथे गेले होते. कुणाच्याही कामाबद्दल तक्रार नव्हती, तरी चौकशीत त्यांच्या खासगी आयुष्यातले अगदी आतले तपशील विचारले गेले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बहुसंख्याकांच्या मनातला आकस हे अल्पसंख्याकांना काढून टाकण्याचं कारण होऊ शकत नाही, जसा वंशाबद्दलचा आकस होऊ शकत नाही. चार महिन्यांत बंदी उठली. २०२३ साली पंतप्रधान ऋषी सुनक यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. ती ऐकायला काढून टाकलेल्यांपैकी सगळे जिवंत नव्हते.

त्या तरुणाला मी रात्रीच कळवलं, ‘खोटं आहे. तयारी चालू ठेव.’ हे सगळं तो स्वतः घरच्या ग्रुपवर लिहू शकत नाही. तुला का एवढं लागलं, असं कुणीतरी लगेच विचारेल. म्हणून मी माझ्या नावाने लिहिते आहे. ज्यांच्याकडे तो फॉरवर्ड आला आहे, त्यांनी हे त्याच ग्रुपवर टाकावं. काही विचारायचं असेल तर मला विचारा.