पोट्टेहो, सही करायच्या आधी कागद घरी आणा

आज दुपारी भाच्याचा स्क्रीनशॉट आला. त्यानंच लिहिलेलं, त्यानंच चाल लावलेलं भीमगीत त्यानं स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर गायलं, तर कॉपीराइट क्लेम, म्हणजे 'हे गाणं आमचं' असा कंपनीचा दावा! खाली एवढंच, 'मामा, हे गाणं माझंच आहे नं?' डोकं सणकलं माझं. तेव्हापासून काम सुचून नाही राहिलं, म्हणून इथं लिहून राहिलो.

जयंतीच्या तोंडावर एका म्युझिक कंपनीवाल्यानं त्याला नागपूरच्या धरमपेठेत बोलावलं, तर्री-पोहे खाऊ घातले, 'काय गळा आहे बेटा तुझा' म्हणाला आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरमागं इंग्रजी पानांचा गठ्ठा लावून पुढं सरकवला. सह्या कुठं करायच्या तिथं पेन्सिलीनं आधीच फुल्या मारून ठेवलेल्या. पोट्टा म्हणाला घरी दाखवून आणतो, तर 'विश्वास नाही का आमच्यावर?' म्हणत तिथंच सही घेतली. अरे, ज्याला कागद घरी जाऊ द्यायची भीती वाटते त्याच्यावर काहून विश्वास ठेवायचा?

वाचला मी तो करार. शब्द, चाल, रेकॉर्डिंग, सगळं कायमचं आणि अख्ख्या जगासाठी. मुदत लिहिलीच नसती तर कायदा पाच वर्षंच धरतो, म्हणून मुद्दाम 'कायमचं' लिहून घेतलं. गीतकार-संगीतकाराचा कॉपीराइट तो गेल्यावरही 60 वर्षं चालतो, म्हणजे ह्याच्या नातवंडांचंही ह्यांनी त्या पोह्यांच्या टेबलावरच लिहून घेतलं! रॉयल्टीबद्दल, म्हणजे गाणं वाजलं की मिळायच्या पैशाबद्दल, चकार शब्द नाही. 2012 मध्ये कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत त्याच्यासाठी भांडले, आता रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सोडतो असं गीतकार-संगीतकारानं लिहून दिलं तरी तो सुटत नाही. पण हे इंदोऱ्यातल्या पोट्ट्याला सांगणार कोण, तो कंपनीवाला?

हो, स्टुडिओचा, व्हिडिओचा खर्च कंपनी करते, मान्य. सगळ्याच कंपन्या अशा नसतीलही. मग खर्च वसूल करा नं, गाणं काहून गिळता?

भाचा अजूनही म्हणतो, 'मामा, त्यांच्यामुळंच लोक ओळखतात मला.' त्याच्यावर रागावताच येत नाही. त्यानं त्यांचे सबस्क्राइबर पाहिले, भारी कॅमेरा पाहिला, ह्या वयात सगळे तेच पाहतात. पण बाळांनो, त्या कंपनीकडं आधी गायलेल्या दोघातिघांना फोन लावा अन् विचारा, हिशोब येतो का, न मागता येतो का. जिथं गायक बोलायलाच घाबरतात तिथं जाऊ नका. स्वतः लिहिता, चाल लावता तर आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासद व्हा, 1969 पासूनची संस्था आहे, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी तीच गोळा करते.

भाच्याचा करार घेऊन उद्या वकिलाकडं जाऊन राहिलो. तुमच्या घरात कोणापुढं असा गठ्ठा आला असेल तर सही व्हायच्या आधी फोटो इनबॉक्स करा, रात्री कितीही वाजता, त्याच वकिलाला दाखवतो.