ठळक आकडा म्हणजे आजार? रक्ताच्या रिपोर्टबद्दलच्या फॉरवर्डला उत्तर

'रक्ताचा रिपोर्ट स्वतःच वाचा' अशा मथळ्याचा एक मजकूर व्हॉट्सॅपवर फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत. ठळक छापलेला आकडा म्हणजे आजार. ठळक नाही तो निर्धोक. दोन लॅबचे आकडे जुळले नाहीत तर एक लॅब फसवते. आणि उपाशीपोटी 140 पर्यंत साखर नॉर्मलच होती, औषध कंपन्यांनी मर्यादा खाली ओढली. हा चौथा दावा वाचून माणसं गोळ्या बंद करू शकतात, म्हणून आधी तोच घेऊ.

उपाशीपोटी 140 ही मर्यादा होती हे खरं, पण ती मधुमेहाच्या निदानाची. तिच्या खालचं सगळं नॉर्मल असं तेव्हाही कुणी म्हणत नव्हतं. 1997 मध्ये अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने ती 126 वर आणली. कारण असं की 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी ज्यांची साखर 200 च्या वर जायची, म्हणजे ज्यांना मधुमेह होताच, त्यांतल्या अनेकांची उपाशीपोटीची साखर 140 च्या आत असायची आणि ते निदानातून निसटायचे. फॉरवर्डमध्ये वेगळीच गल्लत झालेली दिसते: 140 हा आकडा आजही वापरात आहे, पण तो ग्लुकोजनंतर दोन तासांच्या साखरेचा.

खरा मतभेद आहे तो 100 ते 110 या पट्ट्याबद्दल. अमेरिकन संस्थेने 2003 मध्ये 'प्रीडायबेटिस'ची, म्हणजे मधुमेहाच्या आधीच्या पायरीची, सुरुवात 110 वरून 100 वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने 110 च ठेवली. 126 बद्दल दोघींचं एकमत आहे. मात्र लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर निदान करायचं नसतं, तपासणी पुन्हा करून खात्री करायची असते.

आता ठळक आकडा. रिपोर्टवर दिलेल्या नॉर्मल मर्यादेच्या, म्हणजे रेंजच्या, बाहेर गेलेला आकडा ठळक छापतात. बहुतेक तपासण्यांची रेंज ठरवताना किमान 120 निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि वरची अडीच व खालची अडीच टक्के टोकं सोडून देतात. म्हणजे शंभरातली पाच निरोगी माणसं प्रत्येक तपासणीत रेंजबाहेर पडणारच. 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या असतील, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता 64 टक्के निघते.

कधी दोष नमुन्यातच असतो. दंडाला पट्टा बांधून मूठ सारखी उघडझाप केली, की पोटॅशियम खोटं वाढतं. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन तो गठ्ठा मोजत नाही आणि दीड लाखांऐवजी साठ हजार छापून येतात. डेंग्यूच्या दिवसांत घरात घबराट उडवायला एवढं पुरतं. ताप नाही, कुठे रक्तस्राव नाही आणि आकडा असा आला, तर काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, पाहायला सांगा किंवा निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त द्या.

'ठळक नाही म्हणजे निर्धोक' हा दावा आम्हाला जास्त घातक वाटतो. क्रिएटिनिन 1.1 घ्या. अनेक रिपोर्टवर ते साध्या अक्षरात, रेंजमध्येच दिसतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. पंचविशीतल्या तरुणाचं 1.1 असेल तर वय आणि लिंग धरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, साधारण 95 येतो. सत्तर वर्षांच्या आजींचं तेच 1.1 असेल तर तो 54 च्या आसपास. 60 च्या खालचा वेग तीन महिने टिकला तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. कंबरदुखीसाठी दुकानातून मूत्रपिंडाला अपाय करू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणण्याआधी आजींना हे माहीत असायला हवं. ईजीएफआर छापलेला नसेल तर लॅबकडे मागा.

हिमोग्लोबिन 12.2, म्हणजे रेंजमध्येच, असलेल्या बाईचा लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो फेरिटिन तपासल्यावर कळतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, आहे त्याहून कमी दिसते. अशा रुग्णाने तिच्यावर विसंबू नये, फास्टिंग आणि जेवणानंतरची साखर तपासावी.

राहिला दोन लॅबचा फरक. आधी एकक पाहा: आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. लंडनहून मुलाने पाठवलेली साखर 6 असेल तर तिला 18 ने गुणा, आपली 108 होते. साखरेचं रक्त साध्या नळीत पेशींसकट पडून राहिलं तर दर तासाला साखर 5 ते 7 टक्के उतरते, म्हणून राखाडी टोपणाची नळी वापरतात. थायरॉइडसाठी तपासतात त्या टीएसएच या हार्मोनमध्ये तपासणीच्या पद्धतीचाही फरक पडतो. केसांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं. काही मशीनची रसायनं बायोटिनवरच चालतात, तिथे टीएसएच खोटा कमी येतो. दुसऱ्या पद्धतीच्या लॅबमध्ये तो बरोबर येतो. कुणी फसवलेलं नसतं. डॉक्टरांना सांगून बायोटिनची गोळी किमान दोन दिवस थांबवा आणि मग रक्त द्या.