तिकडे कसं असतं?

गेल्या मंगळवारी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या चेअरमनकाकांचा मेसेज आला. सोसायटीत कचरा न्यायला ‘स्वच्छ’ ह्या कचरावेचकांच्या संस्थेच्या दोघी जणी येतात, त्यांना पुढच्या महिन्यापासून थांबवून एका खासगी गाडीवाल्याला काम द्यायचं, असा ठराव रविवारच्या सभेत येणार आहे. फ्लॅट माझ्या नावावर आहे, राहते आई. काकांनी लिहिलं होतं, "तू जर्मनीत आहेस. तिकडे कसं असतं ते चार ओळींत लिहून पाठव, म्हणजे लोकांना पटेल. तिकडे गाडी येते, उचलते, जाते. ही युनियनबाजी, मोर्चे असलं काही नसतं ना?"

चार दिवस तो मेसेज डोक्यात घुमतोय. चार ओळींत मावेना, म्हणून हे लिहिते आहे.

आधी काकांनी विचारलंय तेच सांगते. मी स्टुटगार्टला राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये दर काही आठवड्यांनी माझ्या दाराच्या कडीला एक पाटी लटकते: केरवोखं. वोखं म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे आपला केरच, केर काढायचा आठवडा. नवीन आले तेव्हा तो शब्द वाचून मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं. ती पाटी आली की तीन मजल्यांचा जिना झाडायचा, पुसायचा, तळघर झाडायचं, समोरचा फुटपाथ झाडायचा, बर्फ पडला असेल तर कामावर जायच्या आधी तो ओढायचा. 1492 साली इथल्या काउंट एबरहार्डने फर्मान काढलं होतं की ज्याने त्याने आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी, तेव्हापासूनची ही रीत असं इथले लोक अभिमानाने सांगतात. माझ्या शेजारचे निवृत्त इंजिनिअर सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या पाळीला ते गुडघ्यांवर बसून फडक्याने पायऱ्या पुसतात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एखाद्या निवृत्त साहेबांना जिना पुसताना मी आजवर पाहिलेलं नाही.

दह्याचा डबा संपला की मी तो विसळते, वरचं झाकण सोडवून वेगळं करते आणि गेल्बं टोनेत, म्हणजे पिवळ्या डब्यात, टाकते. कागद वेगळा, बिओ म्हणजे ओला कचरा वेगळा, काच कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये, तीही रंगाप्रमाणे आणि रविवारी नाही. चुकीचं काही सापडलं तर डबा न उचलता वर चिठ्ठी चिकटवून जातात, आणि ती चिठ्ठी अख्खी बिल्डिंग वाचते. गाडी येते, उचलते, जाते, हे खरंय काका. पण ती येण्याआधीचं अर्धं काम आम्ही घराघरात केलेलं असतं.

आणि युनियन? 2023 च्या मार्चमध्ये व्हेर्डी ह्या इथल्या मोठ्या युनियनने संप पुकारला तेव्हा आमचे डबे ओसंडून वाहत होते. शेजाऱ्यांनी जास्तीच्या पिशव्या तळघरात नेऊन ठेवल्या. कुरकुर झाली, पण ‘ह्यांना काढा, दुसरे आणा’ असं एकानेही म्हटलेलं मी ऐकलं नाही. 1974 साली तर क्लुंकर नावाच्या कामगार नेत्याने कचऱ्याच्या गाड्या आणि ट्राम तीन दिवस बंद ठेवून खुद्द चान्सेलर विली ब्रांटकडून 11 टक्के पगारवाढ घेतली होती. इथला कचरा उचलणारा माणूस नारिंगी कपडे घालून ताठ मानेने चालतो, त्याला पगारी सुट्टी आहे, पेन्शन आहे. हे सगळं भांडून मिळवलेलं आहे. त्यामुळे ‘तिकडे असलं काही नसतं’ हे वाक्य माझ्या नावावर सभेत वाचू नका, एवढी विनंती.

आता पुण्याचं. मी परदेशात बसून पुणेकरांना पुणं सांगते आहे, ह्याचा राग येईल. येऊ दे. मला राग येतोय तो ह्याचा की ज्या गोष्टीसाठी जगभरातले लोक पुणं बघायला येतात, ती आपल्या पार्किंगमध्ये रोज सकाळी घडते आणि आपल्याला तिचा वास तेवढा येतो.

नव्वदीच्या सुरुवातीला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचराकुंड्यांवर वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. ह्या बायका बहुतेक दलित समाजातल्या, कितीतरी जणी 72 च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या घरांतल्या. कुंडीत हात घालून वेचण्यापेक्षा सुका कचरा घरातूनच वेगळा मिळाला तर, एवढी साधी कल्पना होती. कोरेगाव पार्कात तीसेक बायकांनी तसं काम सुरू केलं. आणि लगेच एक जण गाडी घेऊन पुढे आला, म्हणाला मी दारातून कचरा नेतो. तेव्हा ह्या बायका आडव्या आल्या. आमची भाकरी त्या कचऱ्यात आहे, म्हणाल्या. डॉ. बाबा आढाव पाठीशी उभे राहिले, तेच बाबा ज्यांनी पन्नाशीच्या दशकात हमालांची पंचायत बांधली आणि ज्यांच्यासारख्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. मे 1993 मध्ये शेकडो वेचक बायकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची युनियन उभी राहिली. तेहेतीस वर्षं होत आली काका, तुमच्या ठरावातला गाडीवाला तोच आहे, नंबरप्लेट तेवढी नवीन.

2008 मध्ये पंचायतीतूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला. तो दान म्हणून झाला नाही. 2000 च्या केंद्राच्या घनकचरा नियमांनी घरोघर कचरा गोळा करणं महापालिकांवर बंधनकारक केलं होतं, आणि हे काम कोण करू शकतं हे ह्या बायकांनी आधी करून दाखवलं होतं. त्यांना पालिका पगार देत नाही. आपण घरटी जे शंभराच्या आसपास रुपये देतो ते, आणि सुका कचरा विकून जे येईल ते, ही त्यांची कमाई. ह्यात एक गोष्ट सभेत कुणी बोलणार नाही म्हणून इथे लिहिते. ठेकेदाराला सहसा टनावर पैसे मिळतात. कचरा जितका जड तितकं त्याचं बिल मोठं, मग त्याने वेगळं कशासाठी करावं? ‘स्वच्छ’च्या मावशींचं उलट आहे. पुठ्ठा ओल्या भाजीत भिजला तर त्यांचा भाव जातो, म्हणून त्या आपल्याला ओरडतात. आणि वेगळा न केलेला पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं कुठे जायचा ते कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. विहिरी नासल्या म्हणून त्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या. तेव्हा आपल्या बिल्डिंगखाली दोन दिवस कचरा साठला होता, तर किती फोनाफोनी झाली होती.

2020 च्या शेवटी पाच वर्षांचा करार संपला तेव्हा पुन्हा ह्या बायका रस्त्यावर आल्या, आणि तुकड्यातुकड्याने मुदतवाढ मिळत काम चालू राहिलं. काका ह्याला युनियनबाजी म्हणतात. 2016 च्या नियमांतच कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलं होतं. नियमात लिहिलेलं मिळवायला पुन्हा मोर्चा काढावा लागतो, ह्याचा जाब आपण मोर्चा काढणाऱ्यांनाच का विचारतो?

गेल्या डिसेंबरमध्ये मी घरी होते. जेट लॅगमुळे पहाटेच जाग यायची, म्हणून खाली पाण्याच्या पंपाजवळ उभी राहून मी मावशींना काम करताना पाहिलं. दुधाच्या पिशव्या एकेक करून झटकून एका पोत्यात. पुठ्ठ्याच्या खोक्यावर पाय देऊन ते सपाट केलं की दुसऱ्या बाजूला. पांढरा कागद वेगळा, छापील वेगळा, पत्र्याचे डबे वेगळे. कुणीतरी दाढीचं ब्लेड तसंच टाकलं होतं. त्यांनी ते दोन बोटांत उचललं, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलं, आणि घडी उघडू नये म्हणून त्यावर दोरा बांधला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "पुढं जिच्या हातात जाईल तिला नको लागाया." मग उठून चौथ्या मजल्यावर गेल्या, कारण तिथल्या ताईंनी डायपर कागदात न गुंडाळता टाकले होते, ते सांगायला. खाली आल्या तेव्हा गप्प होत्या. वर काय ऐकावं लागलं ते मी विचारलं नाही.

इथल्या कान्स्टाटच्या मेळ्यात, वाझनला, संध्याकाळ झाली की म्हातारी माणसं दिसतात. हातात टॉर्च, एक लांब चिमटा, पाठीवर मोठी पिशवी. कचऱ्याच्या डब्यात टॉर्च मारून बाटल्या शोधतात. रिकामी परत दिली की बिअरच्या बाटलीचे आठ सेंट मिळतात, कॅनचे पंचवीस. चांगला कोट घातलेले आजोबा इकडेतिकडे बघतात आणि मग पटकन हात घालतात. ह्या श्रीमंत देशात त्यांची पंचायत नाही, त्यांच्या हातात कुणी ओळखपत्राचं कार्ड दिलेलं नाही, ते एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. भल्या मनाचे लोक बाटली डब्यात न टाकता बाजूला उभी करून ठेवतात, बस. जी गोष्ट पुण्यात बायकांनी एकत्र येऊन करून दाखवली ती सतरा वर्षांत मी इथे पाहिलेली नाही. आणि आम्ही विसळलेलं प्लॅस्टिकही सगळं इथेच राहत नाही, त्यातलं कितीतरी जहाजांतून मलेशिया-तुर्कस्तानला जातं. ‘तिकडे’ सगळं छान असतं असं समजणाऱ्यांनी हेही लिहून घ्यावं.

कार्डाचं मला विशेष वाटतं, आणि हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पंचायतीने सगळ्यात आधी मागितलं होतं ओळखपत्र. पहाटे पोतं घेऊन फिरणारी बाई दिसली की पोलीस चोर म्हणून धरायचे, रात्रभर बसवून ठेवायचे. 1996 मध्ये पुणे महापालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, देशात असं करणारी ती पहिली. कॉलेजात असताना मी हे वाचलं तेव्हा मनात आलं होतं, एवढं मोठं आंदोलन आणि मागून मागितलं काय, तर कार्ड.

मग मी इथे आले. पहिली काही वर्षं दुसऱ्या एका गावात शिकत होते. व्हिसा वाढवायला पहाटे चारला त्या कार्यालयाबाहेर रांगेत उभी राहायचे, उणे आठ तापमानात. एकदा कागद कमी पडला म्हणून परत पाठवलं आणि पुढचे तेवीस दिवस माझ्याकडे इथे असण्याचा कुठलाही पुरावा नव्हता. त्या तेवीस दिवसांत मी ट्राममध्ये तिकीट हातात धरून बसायचे, पोलीस दिसला की रस्ता बदलायचे. काही केलेलं नव्हतं. ज्या दिवशी इथे राहण्याच्या परवान्याचं ते प्लॅस्टिकचं कार्ड मिळालं त्या दिवशी बसस्टॉपवर बसून रडले. अजूनही ते पाकिटात सगळ्यात वर असतं. इथे सतरा वर्षं राहते, कर भरते, पण ह्या शहराचा महापौर मला निवडता येत नाही, आणि पुण्यातल्या मतदानाला दर वेळी पोचता येत नाही. कार्ड म्हणजे काय हे मला त्या बायकांकडून शिकता आलं असतं, त्यासाठी इतक्या लांब यायला नको होतं.

आणि कप. आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर एक कान तुटलेला कप पालथा घातलेला असायचा. मावशींना चहा द्यायचा तो त्यातच. पिऊन झाला की त्यांनीच तो खालच्या नळावर धुवून परत पालथा घालायचा. मी बावीस वर्षं त्या घरात राहिले आणि तो कप तिथे का आहे, हे आईला कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. इथे कुणी माझ्या रंगावरून बोललं तर मी तीन दिवस झोपत नाही, मैत्रिणींना फोन करते, लेखी तक्रार करते. त्या कपाबद्दल माझी कुठे एक ओळ लिहिलेली नाही. डिसेंबरमध्ये मी तो उचलून टाकला. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्टीलच्या फुलपात्रात चहा दिला, आमच्याच.

काका, सभा अकरा वाजता आहे, म्हणजे इथे साडेसहा. मी व्हिडिओवर येईन आणि ठरावाच्या विरोधात हात वर करीन. माझं एकच मत आहे, ते मोजा. मसुद्यात ‘कचरेवाल्या बायका’ असं लिहिलंय, तिथे त्या दोघींची नावं घाला. इतकी वर्षं आमच्याही घरात ‘कचऱ्याच्या मावशी’च होत्या, म्हणून मी आईला काल सकाळी नावं विचारून ठेवायला सांगितलं. आईने खाली जाऊन विचारलं. मावशींनी हातातली बादली ठेवली आणि आधी म्हणाल्या, "का वो? काय चुकलं का माझं?" आणि मग पदराला हात पुसून, कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून तिच्यापुढे धरलं.