बिनडब्याचा टीव्ही

सोलापुरात आईसाठी टीव्ही घ्यायला गेले होते. दुकानातला पोरगा चटपटीत. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ताई, हा घ्या. याला सेट-टॉप बॉक्सच लागत नाही."

"केबलचे सगळे चॅनल दिसतात?"

"सगळे दिसतात."

"स्टार प्रवाह?"

"दिसणार ना."

"डबा न लावता?"

यावर त्याने रिमोटची दोन-चार बटणं दाबली, दुकानाच्या वायफायवर यूट्यूब लावलं आणि म्हणाला, "पिक्चर क्वालिटी बघा ना ताई."

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांना इथेच सांगते: आपल्याकडे केबलची वायर थेट टीव्हीत खोचून झी मराठी, स्टार प्रवाह दिसेल असा टीव्ही मला तरी कुठल्याही दुकानात सापडला नाही. बिनडब्याचा टीव्ही आहे, पण तो फ्री डिशसाठी, म्हणजे दूरदर्शनच्या छत्रीवरून फुकट दिसणाऱ्या चॅनलांसाठी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या सर्रास एकाच वाक्यात विकल्या जातात. बाकीच्यांनी पुढे वाचा.

मुळात आईला डबा नको होता तो जागेसाठी नव्हे. डबा बिचारा टीव्हीमागे धूळ खात पडलेला असतो, त्याचं कुणाला काय. खरी भानगड रिमोटची. एक टीव्हीचा, एक डब्याचा. दुपारी आईचा अंगठा चुकून टीव्हीच्या रिमोटवरच्या 'सोर्स' बटणावर पडतो, पडद्यावर 'नो सिग्नल' येतं आणि मग मला पुण्यात फोन. "अगं, टीव्ही गेला." मग मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, "आई, मोठा रिमोट घे, वरच्या बाजूला बाण काढलेलं बटण आहे का बघ," असं पंधरा मिनिटं. आईचं म्हणणं सरळ आहे. आधी एकच रिमोट होता, तेव्हा टीव्ही कधी जात नव्हता.

आणि ती चुकत नाहीये. ॲनालॉगच्या काळात केबलवाला गच्चीवरून वायर सोडायचा, ती टीव्हीच्या पाठीत खुपसली की झालं. चॅनल शोधायचं काम टीव्हीतलाच ट्यूनर करायचा. हे बदललं डिजिटायझेशनमध्ये. केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. मुंबईला ३१ ऑक्टोबर २०१२ची मुदत मिळाली. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, त्यात पुणे, नागपूर, नाशिकबरोबर आपलं सोलापूरही होतं. त्यांची मुदत ३१ मार्च २०१३. तेव्हा सगळ्यांना वाटलं (मलाही), की सिग्नल डिजिटल झाला आणि टीव्ही जुने, म्हणून मध्ये डबा हवा. ते अर्धंच खरं होतं. डिजिटल केबल समजणारा ट्यूनर टीव्हीत बसवता येतो. बऱ्याच मॉडेलांत तो असतोही, माहितीपत्रकात 'डीव्हीबी-सी' असं लिहिलेलं असतं. पण त्या दुरुस्तीत आणखी एक शब्द होता: एन्क्रिप्टेड. म्हणजे चॅनल कुलूप लावूनच घरी पाठवायचे. कुणी कोणता चॅनल घेतलाय, किती पैसे आले, याचा हिशोब लागावा म्हणून. हिशोब लागायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. केबलवाले शंभर घरं दाखवून तीनशे घरांना जोडणी देतात, अशी वाहिन्यांची ओरड तेव्हा कायमची होती.

तर डबा म्हणजे मुख्यतः किल्ली. आणि किल्ली ज्याची त्याची.

खात्री करायची म्हणून मी शेजारच्या काकूंच्या नव्या टीव्हीत केबलची वायर थेट लावून पाहिली. (काकूंनी हो म्हणण्याआधी तीनदा विचारलं, "बिघडणार नाही ना?") टीव्हीने डिजिटल केबल शोधलं, बराच वेळ घेतला आणि चॅनलांच्या नावांची लांबलचक यादीही दाखवली! आम्ही दोघी खूश. नाव निवडलं, पडदा काळा. दुसरं निवडलं, काळा. खाली बारीक अक्षरात एकच ओळ, हा चॅनल स्क्रॅम्बल्ड आहे. बंद दारांची चाळ नुसती फिरून आल्यासारखं झालं. दुकानातला पोरगा कदाचित ही यादी पाहूनच "सगळे दिसतात" म्हणत असेल. खोटं नाही, पण खरंही नाही.

आता मला राग येतो तो इथे. ही किल्ली टीव्हीत बसवता येत नाही का? येते. टीव्हीच्या बाजूला 'कॉमन इंटरफेस' नावाची एक खाच असते, त्यात ऑपरेटरचं मॉड्यूल आणि कार्ड सरकवलं की टीव्हीच कुलूप उघडतो. डबा नाही, दुसरा रिमोट नाही. युरोपात ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पडद्याच्या टीव्हीला अशी खाच असलीच पाहिजे असा नियम आहे. माझी मावसबहीण जर्मनीत राहते, तिच्याकडे भिंतीतली केबल सरळ टीव्हीत जाते. तिला मी "तुमचा डबा कुठला?" असं विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही.

आपल्याकडे हे कुणाला सुचलं नाही असंही नाही. २००१च्या डीटीएचच्या नियमांतच डबा कंपनीपुरता बांधलेला नसावा, एकाचा दुसऱ्याकडे चालावा, असं लिहिलंय. ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली, की डबे एकमेकांकडे चालणारे असावेत आणि टीव्हीलाही त्यासाठी यूएसबीची सोय सक्तीची करावी. कागद उत्तम आहे. पण मी आमच्या केबलवाल्या दादांना विचारलं, "असं कार्ड मिळतं का हो, टीव्हीत घालायचं?" तर ते म्हणाले, "ताई, मला डबा येतो, मी डबा देतो." त्यांचं काय चुकलं? मोबाइलचं बघा. २०११च्या जानेवारीत देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली, कंपनी बदला, हँडसेट तोच, नंबरही तोच. टीव्हीच्या बाबतीत कंपनी बदलली की जुना डबा माळ्यावर. आमच्या माळ्यावर असे तीन आहेत, तिन्ही धडधाकट. ते भंगारात द्यायला आईचं मन होत नाही, कारण तिन्हीचे पैसे भरलेत.

बरं, टीव्हीतच डीटीएचचा डबा बसवून विकण्याचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेलाय. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने त्यांची डीटूएच सेवा आल्यावर असे टीव्ही काढले होते. एकच रिमोट! कल्पना म्हणून मला ती आजही आवडते. पण त्यात टीव्ही एका सेवेशी लग्न लावून येतो, आणि टीव्ही आपण दहा वर्षं वापरतो. तोवर सेवा, पॅक, कंपन्या सगळं बदलून जातं. किल्ली काढता-घालता यायला हवी, भिंतीत चिणलेली नको.

आता जे खरंच चालतं त्याबद्दल. आमच्या मामाचं बार्शीकडे शेत आहे, तिथल्या घरात केबल पोचलेलीच नाही. त्याने मागच्या दिवाळीत इनबिल्ट सॅटेलाइट ट्यूनरचा टीव्ही घेतला आणि फ्री डिशची छत्री थेट त्याला जोडली. डबा नाही, रिचार्ज नाही, एकच रिमोट. मामा त्या रिमोटकडे ज्या प्रेमाने बघतो तसं मामीकडे बघितलेलं आम्हाला आठवत नाही. हे चालतं कारण फ्री डिशवरच्या चॅनलांना असं पैशांचं कुलूप नाही. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ३३ चॅनलांनिशी सुरू झाली, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. आता भारतीय मानक ब्युरोने अशा टीव्हीसाठी वेगळं मानकही काढलंय, आयएस १८११२, साल २०२२.

असा टीव्ही घ्यायचा असेल तर विक्रेत्याचं ऐकू नका, टीव्ही फिरवून पाठ बघा. छत्रीची वायर आट्यांवर फिरवून बसवतात, तशी आट्यांची पिन हवी. नुसती खोचायची गोल पिन म्हणजे केबल किंवा अँटेनाची. माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' हवं. तिथे 'टी२' दिसलं तर ते जमिनीवरच्या अँटेनासाठी, त्यावर फ्री डिश येणार नाही. 'स्मार्ट' आणि 'सॅटेलाइट' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, साठ हजारांच्या स्मार्ट टीव्हीतही सॅटेलाइट ट्यूनर नसू शकतो. छत्री जीसॅट-१५ कडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला रोखायची. आपल्या भागातून ती साधारण आग्नेयेला येते. मामाची आग्नेयेला चिंच आहे. चिंच तोडणार नाही म्हणाला, छत्री गोठ्यावर गेली.

पण फ्री डिश म्हणजे केबल नव्हे. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, जुने सिनेमे भरपूर आहेत. झी मराठी, स्टार प्रवाह नाहीत, ते पैशांचे चॅनल. आणि खासगी चॅनलांच्या जागा लिलावात जातात, त्यामुळे आज आहे तो उद्या असेलच असं नाही. १ एप्रिल २०२२ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल एकाच दिवशी उठून गेले होते. असा काही बदल झाला की टीव्हीवर चॅनल पुन्हा शोधावे लागतात. डबा असतो तेव्हा ते काम कुणीतरी येऊन करून जातं. मामाचा टीव्ही मी फोनवरूनच दोनदा शोधायला लावलाय, म्हणजे फोन काही सुटले नाहीत.

आईला मात्र तिच्या रात्रीच्या मालिका हव्यात. सह्याद्री तिला आवडतो, पण "साडेसातला काय बघू?" हा प्रश्न तिने विचारला आणि फ्री डिश तिथेच बाद झाली. स्मार्ट टीव्हीवर ॲपमधून बघ म्हटलं, तर वायफायचं बिल, पासवर्ड, अपडेट, आणि मालिका संपली की पुढचं काय हे स्वतः ठरवायचं. तिला ठरवायचं नसतं, तिला लागलेलं बघायचं असतं. मला तर हे चैनीचं वाटतं.

केबलच्या बिलाचंही पाहिलं. फेब्रुवारी २०१९च्या नियमांनंतर नुसत्या जोडणीचे जास्तीत जास्त १३० रुपये घेता येत होते, अठरा टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ती मर्यादाही ट्रायने काढून टाकली. आई म्हणाली, "घेऊ दे की, केबलचा तो पोरगा पावसात खांबावर चढतो."

शेवटी साधा टीव्ही घेतला, त्रेचाळीस इंची. डबा राहिला. पण केबलच्या डब्याच्या रिमोटवर वरच्या बाजूला चौकटीत तीन-चार बटणं असतात, ती टीव्हीच्या रिमोटकडून शिकतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दोन्ही रिमोट समोरासमोर धरायचे, एकाचं बटण दाबायचं, दुसऱ्याचं दाबायचं, लाल दिवा लुकलुकतो आणि शिकवणी संपते. टीव्ही चालू-बंद आणि आवाज शिकवला. 'सोर्स' मुद्दाम शिकवला नाही. सेटिंगमध्ये टीव्ही चालू झाला की थेट एचडीएमआय १, म्हणजे डब्याची वायर जोडलेली जागा, लागेल असं करून ठेवलं. हे सगळं केबलवाल्या दादांनी दहा मिनिटांत दाखवलं, चहासुद्धा घेतला नाही.

टीव्हीचा मोठा रिमोट आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलाय. गेले पाच आठवडे टीव्ही गेलेला नाही. काल फोन आला होता, पण तो मिक्सरबद्दल.